जावयाचं छप्पर

"हे बघा नाफुनाचे बाबा," नालियाका म्हणाली, "एक तर माझी आई इथे राहायला येईल, नाहीतर मी तिकडे राहायला जाईन. आता काय ते तुम्ही ठरवा."

लुस्वेती मास्तरांना बायकोचं 'तुम्ही ठरवा' चांगलं ओळखीचं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी जे जे 'ठरवलं' होतं, ते सगळं आदल्या दिवशीच ठरलेलं असायचं. शिवाय या वेळी तिचं काही चुकतही नव्हतं. सासूबाई सत्याऐंशी वर्षांच्या. वर एल्गॉन डोंगराच्या उतारावर मातीच्या घरात एकट्या राहायच्या. एक मुलगा देवाघरी गेलेला, दुसरा दूर मोंबासाला एका खोलीत पाच माणसांचा संसार रेटत असलेला. मागच्या पावसात म्हातारी केळीच्या बागेत घसरून पडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तशीच चिखलात पडून राहिली. कुणीतरी आपली चुकलेली शेळी शोधत तिथे आला, म्हणून सापडली. तेव्हापासून फोन वाजला की नालियाकाच्या हातातलं भांडं खाली पडायचं. मास्तरांना ते बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती डोंगरावर निघून गेली तर आपलं काय होईल, हेही त्यांना बघवत नव्हतं. एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या या माणसाला चहा करता येत नसे, आणि त्यांनी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली करायला घेतली की तिची पेज व्हायची.

"येऊ देत की," मास्तर म्हणाले. "पण राहतील कुठे?"

"म्हणूनच तर म्हणते. घर वाढवा."

घर होतं जुनं, शेतावरचं, कुणा गोऱ्या साहेबाने दगडात बांधलेलं. साहेब गेला, शेत वाटलं गेलं, आणि घराचा तुकडा मास्तरांच्या वडिलांच्या वाट्याला आला. खोल्या तीन आणि शेकोट्या चार, असा त्याचा हिशेब. एका खोलीत नवरा-बायको, दुसरीत मास्तरांची पुस्तकं आणि मक्याची पोती, आणि तिसरी 'बसायची'. तिच्यात क्रोशाची आच्छादनं घातलेले इतके सोफे होते की बसणाऱ्याचे पाय ठेवायला जागा नव्हती. स्वयंपाकघर वीस पावलं दूर, कोठार त्याच्याही पलीकडे.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बोल लावायला नको. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांच्या समोर येत नाहीत. हात मिळवायचा नाही, शेजारी बसायचं नाही, बोलायचं झालं तर मधे तिसरं माणूस घालून बोलायचं. हा मान आहे, भांडण नव्हे. मास्तरांनी चौतीस वर्षांत सासूबाईंचा चेहरा दोनदा पाहिला होता. त्यातला एकदा चुकून, भर बाजारात. त्या वेळी दोघंही इतक्या घाईने पाठमोरे झाले, की मास्तर कोबीच्या ढिगात जाऊन बसले आणि कोबीवाली त्यांना लागेल ते बोलली.

तेव्हा घर वाढवायचं ठरलं त्या दिवशी मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली होती, हे खरं. पण मास्तर पडले सुधारलेले. शाळेत दरवर्षी 'जुन्या समजुती आणि आपण' या विषयावर निबंध लिहून घेणारे. त्यांनी मनातल्या पालीला गप्प केलं. सासूबाईंना स्वतः विचारणं तर शक्यच नव्हतं, कारण त्यांना विचारायचं नाही हीच तर रीत. त्यांना वाटलं, नालियाकाने विचारलं असेल. नालियाकाला वाटलं, नवरा एवढा शिकलेला, त्याची हरकत नाही म्हणजे प्रश्नच मिटला. आणि नाफुनाला वाटलं, आईबाबांनी सगळं बघितलं असेल.

नाफुना ही मास्तरांची मुलगी. आर्किटेक्ट. नैरोबीच्या एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं काम करत होती आणि सहा वर्षांत तिने सोळा इमारतींचे जिने आणि शौचालयं काढली होती. अख्खी इमारत तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. बापाचा फोन गेल्यावर तिने रजा टाकली, आणि आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. त्याचे चारी कोपरे चहाच्या कपांनी दाबले.

"एकच छप्पर, बाबा!" ती म्हणाली. "जुनं घर तसंच ठेवायचं. ते स्वयंपाकघर, ते कोठार, सगळं एका मोठ्या छपराखाली घ्यायचं. मधे बैठक. पावसात आईला ताट डोक्यावर घेऊन पळायला नको. आणि ही बघा आजीची खोली. सकाळचं ऊन येईल. एक बैठक ओलांडली की तुमची खोली, म्हणजे आजीने नुसती हाक मारली तरी आईला ऐकू येईल."

त्या खोलीत तिने बारीक अक्षरात 'आजी' असं लिहिलं होतं. ते वाचून नालियाका डोक्याचा रुमाल सोडून त्याने डोळे पुसायला लागली. मास्तरांनाही भरून आलं. अशा वेळी कुणाला पाली ऐकू येतात!

नकाशा मंजूर करून घ्यायला मास्तर काउंटीच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडचा अधिकारी होता मुकोयानी. मास्तरांचा विद्यार्थी. गिचमिड अक्षरासाठी मास्तरांनी त्याला सहावीत अख्खा एक महिना वर्गाबाहेर उभं केलं होतं. मास्तर ते विसरले होते. मुकोयानी विसरला नव्हता.

"बसा म्हणालो असतो मास्तर, पण खुर्ची नाही," तो म्हणाला. "अर्ज कुठला भरू? नवीन घर, पाडकाम की दुरुस्ती?"

"वाढ," मास्तर म्हणाले.

"वाढीचा अर्ज नसतो. माणूस वाढतो, घर वाढत नाही. घर एक तर नवीन असतं, नाहीतर जुनं."

मग मास्तरांनी दुरुस्तीचा अर्ज भरला. मुकोयानीने तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. "अक्षर जरा लागत नाही मास्तर. परत लिहून आणा. समास सोडून." मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण बायको डोंगरावर गेलेली त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती. त्यांनी अर्ज परत लिहिला. समास सोडून. तीनदा. चौथ्या खेपेला मुकोयानीने विचारलं, "पण मला एक सांगा, हे घर एक आहे की तीन? इथे तर तीन दिसतात."

"एक," मास्तर म्हणाले. "एकाच छपराखाली."

"मग ठीक." आणि त्याने धाडकन शिक्का मारला: 'एक घर मंजूर'.

काम सुरू झालं, तसे शेजारचे खाएंबा रोज सकाळी आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन यायला लागले. खाएंबा पोस्टात पत्रं निवडायचे. निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या भानगडी निवडायचे. खुर्ची सावलीत मांडायची, पायावर पाय टाकायचा, आणि "मी काही बोलत नाही" असं म्हणून बोलायला सुरुवात करायची.

"मी काही बोलत नाही मास्तर, पण खिडकी एवढी मोठी? चोराला दार कशाला ठेवताय मग? आणि ही भिंत वाकडी आहे."

"वाकडी नाही, गोल आहे," नाफुना वरून ओरडायची.

"तेच म्हणतोय मी. पोरीने काढलेली आहे ना."

गवंडी होता सिताटी. कामाला पक्का, पण सल्ला ऐकला की हातातलं काम थांबवून विचार करायचा. त्यामुळे खाएंबांचा एक सल्ला म्हणजे पाऊण तासाचं काम बुडालं असं नाफुनाने घड्याळ लावून काढलं होतं. शेवटी त्या बाबतीत मधमाश्यांनीच मदत केली. जुन्या शेकोटीच्या धुराड्यावर सिताटीने पहिला हातोडा मारला, आणि साहेबाच्या काळापासून आत नांदत असलेलं मोहोळ बाहेर आलं. सिताटी शिडीवरून न उतरता नुसता खाली आला. खाएंबा खुर्चीसकट पळाले. खुर्चीच्या हातांत ते जरा घट्टच बसत, त्यामुळे कुंपणापर्यंत ती त्यांच्या पाठोपाठ गेली. चार दिवस ते फिरकले नाहीत. त्या चार दिवसांत दोन भिंती झाल्या.

खरी फजिती केली ती तंबूने. घराचं छप्पर उतरवल्यावर राहायचं कुठे, म्हणून मास्तरांनी चर्चचा मोठा पांढरा तंबू मागून आणला आणि अंगणात उभारला. पाहुण्यांसाठी वीस खुर्च्या मांडल्या. आता आमच्याकडे अंगणात तंबू आणि खुर्च्या दिसल्या की त्याचे दोनच अर्थ होतात. आणि लग्नाची पत्रिका तर कुणालाच आलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी रस्त्याने चाललेल्या तीन बायका डोक्यावरचं मक्याचं पीठ खाली ठेवून आत शिरल्या आणि नालियाकाच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. नालियाकाला वाटलं, आपली आई गेली. तीही रडायला लागली. कोण गेलं हे कुणीच कुणाला विचारीना. मास्तर आतून दात घासत आले, तेव्हा एका बाईने किंकाळी फोडली.

मग हे रोजचंच झालं. कुणी पीठ आणायचं, कुणी साखर, एकाने तर कोंबडा आणला, आणि कोंबडा परत न्यायला तो माणूस तयार होईना. पण मास्तरांच्या वर्मी घाव बसला तो मुलोंगो सरांमुळे. मुलोंगो सर त्यांच्या शाळेत भूगोल शिकवायचे. ते तीस मैलांवरून काळा कोट घालून, मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून आले. तंबूच्या दारातच त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि कळवळून विचारलं, "कधी गेले हो?"

"कोण?"

"लुस्वेती मास्तर."

"अहो मुलोंगो, मीच लुस्वेती!"

मुलोंगो सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरे हो की. बरं झालं. म्हणजे... मी उगाच रात्रभर जागून भाषण लिहिलं."

मास्तर त्यांना हसत हसत आत घेऊन गेले, चहा दिला, आणि न राहवून म्हणाले, "बघू तरी काय लिहिलंय." भाषण पाऊण पान होतं. त्यातलं अर्धं शाळेच्या नव्या विहिरीबद्दल. मास्तरांविषयी एकच वाक्य होतं: 'कै. लुस्वेती वेळेवर येत असत.'

दोन दिवस मास्तर कुणाशी बोलले नाहीत. "एकतीस वर्षं!" तिसऱ्या दिवशी ते नालियाकाला म्हणाले. "एकतीस वर्षं राबलो, आणि काय? वेळेवर येत असत!"

"खोटं तर नाही ना लिहिलं?" नालियाका म्हणाली. "जा, सिताटी खिळे मागतोय."

असं करत करत, हे सोडून ते धरत, छप्पर चढलं. हिरवेगार पत्रे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. खाली जुनं दगडी घर, त्याला लागून गोल भिंतीची बैठक, मग आजीची खोली, मग स्वयंपाकघर. घर असं दिसू शकतं हे आमच्या भागात कुणाला माहीतच नव्हतं. नाफुना रस्त्याच्या पलीकडे जाऊन तासभर नुसती बघत उभी राहिली. खाएंबासुद्धा म्हणाले, "मी काही बोलत नाही," आणि खरोखरच काही बोलले नाहीत.

शनिवारी सासूबाई आल्या. पिकअपमधे पुढे त्या, मागे त्यांची गाठोडी, एक बकरी, आणि गाणी म्हणणाऱ्या चर्चच्या बायका. पिकअप फाटकातून आत आली मात्र, आणि आमचे सुधारलेले मास्तर, निबंध लिहून घेणारे मास्तर, कुणी सांगायच्या आत पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. पाय आपले आपणच गेले, असं ते मागाहून म्हणायचे.

सासूबाई उतरल्या. डोक्यावरून शाल घेतली, काठी टेकत घर बघितलं. बैठक बघितली, न्हाणीघर बघितलं, नळ सोडून बघितला, बंद करून बघितला. आपल्या खोलीतल्या पलंगावर बसल्या, गादी दाबली. नाफुनाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी," त्या म्हणाल्या, "सत्याऐंशी वर्षांत माझ्यासाठी कुणी खिडकी काढली नव्हती."

नाफुनाचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"आणि जावई कुठे झोपतात?"

"हे काय आजी, इथेच," नाफुनाने भिंतीवर हात थापटला. "बैठकीच्या पलीकडे."

सासूबाईंचा हात गादीवरच राहिला. मग त्या उठल्या. काठी घेतली, गाठोडं घेतलं, बाहेर आल्या आणि अंगणातल्या अवोकाडोखाली जाऊन बसल्या. "नालियाका," त्या म्हणाल्या, "मला परत ने. जावयाच्या छपराखाली मी झोपू? लोक मला काय म्हणतील ते सोड. मी त्यांना काय म्हणू? माझ्या हातून चौतीस वर्षांत जावयांचा अपमान झाला नाही, तो आता मरायच्या वेळी करू?"

गाणी थांबली. स्वयंपाकघरात कोंबडीचा रस्सा तयार होता, चपात्यांची चवड होती, आणि कुणाची हात लावायची छाती होईना. नालियाका आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची निळी बॅग होती. तिने ती आदळली नाही की काही नाही. आईच्या गाठोड्याशेजारी हळूच नेऊन ठेवली.

"नाफुनाचे बाबा," ती टाकीच्या दिशेने म्हणाली. "तुम्ही केलंत तेवढं केलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. पण तिला एकटीला वर ठेवून मला इथे घास गिळणार नाही."

मास्तरांनी टाकीआडून डोकावून बॅग बघितली आणि सासूबाई दिसायच्या आत मान मागे घेतली.

मग सभा भरली. मास्तरांना टाकीमागून बाहेर येता येईना आणि सासूबाई झाडाखालून हलेनात, म्हणून सगळ्या मंडळींनी खुर्च्या टाकीकडे तोंड करून मांडल्या.

"मी काही बोलत नाही," खाएंबा म्हणाले, "पण दोष भिंतीचा आहे. भिंत जाड करा."

"भिंत नऊ इंची आहे," सिताटीने ठणकावलं. "दोष दाराचा. दार मागे घ्या."

पाद्रीबुवांनी घसा साफ केला. "बंधूंनो, या सगळ्या जुन्या समजुती. देवाच्या घरी छप्पर एकच आहे."

"बरोबर आहे," टाकीमागून आवाज आला. "पाद्रीबुवा, तुमच्या सासूबाई आल्या की कुठे झोपतात?"

पाद्रीबुवा खोकले. "त्या येत नाहीत."

शेवटी नाफुनाच उठून आजीपाशी गेली. पायाशी बसली. "आजी, तूच सांग ना. नक्की काय आड येतं? भिंत, दार की छप्पर?"

"छप्पर," आजी म्हणाली. "मधे आभाळ दिसलं पाहिजे. आणि पाऊस पडला तर तो जमिनीवर पडला पाहिजे. पन्हाळीत नाही. मग ती दोन घरं. जावयाचं त्याचं, माझं माझं."

सगळ्यांनी वर बघितलं. हिरवं, एकसंध छप्पर उन्हात चमकत होतं. नाफुनाने खालचा ओठ दातात धरला होता. सोळा जिने आणि सोळा शौचालयांनंतर हे तिचं पहिलं छप्पर होतं, आणि ते होऊन आठवडा झाला नव्हता.

"कापा," टाकीमागून मास्तर म्हणाले.

"बाबा!"

"कापा म्हणतो ना. पोरी, मला माफ कर. छप्पर तुझं आहे, ते मला कळतंय. पण तुझी आई गेल्यावर त्या छपराखाली मी एकटा बसून काय करू? वेळेवर येऊ?"

सिताटीने हात झाडले. "मी नाही कापणार. माझ्या हाताने चढवलंय." आणि तो खरंच तोंड फिरवून बसला. सासूबाईंनी त्या दिवशी खाएंबांच्या घरी मुक्काम करायचं कबूल केलं, कारण त्यांचं-खाएंबांचं काहीच नातं नव्हतं. "गुरुवारपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "नंतर डोंगर." नालियाकाची निळी बॅगही त्यांच्याबरोबर गेली.

रविवारी कुणी कामाला हात लावला नाही. सोमवारी सकाळी मास्तर उठून बघतात, तर नाफुना छपरावर. हातात खडूची दोरी. रडून डोळे सुजलेले, पण दोरी ताणून धरलेली.

"कापायचंच आहे, तर सरळ कापू," ती म्हणाली. "वाकडं कापलं तर लोक म्हणतील, पोरीने कापलंय."

ते ऐकून सिताटी खाली उभा होता तो निमूट शिडी चढला.

किती रुंद कापायचं, यावर पुन्हा वाद. खाएंबा म्हणाले, वीतभर पुरे. सिताटी म्हणाला, बकरी जाईल एवढं. सासूबाई रोज कुंपणापलीकडून काठीने खूण करायच्या: अजून. अजून. साडेतीन फुटांवर त्यांची काठी थांबली. गोल भिंत मधोमध उघडी पडली, बैठकीचे दोन भाग झाले. आठ सोफे जावयाकडे गेले, सहा सासूकडे. स्वयंपाकघर सासूबाईंच्या घरात आलं, न्हाणीघर मास्तरांच्या. म्हणजे अंघोळीला सासूबाईंनी यायचं तर आधी मास्तरांनी मळ्यात जायचं, आणि मास्तरांनी जेवायचं तर ताट आभाळाखालून यायचं. बुधवारी संध्याकाळी शेवटचा पत्रा उतरला. गुरुवारी सकाळी सासूबाई फाटकातून आत आल्या, फटीत उभ्या राहिल्या, मान वर करून आभाळ बघितलं आणि आपल्या घरात गेल्या. मागोमाग निळी बॅग आली. मास्तर टाकीमागे उभे होते. तिथेच त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

पुढच्या आठवड्यात मुकोयानी तपासणीला आला. फाईल उघडली, घराकडे बघितलं, परत फाईलकडे बघितलं.

"मास्तर, मंजुरी एका घराची आहे. ही दोन आहेत. म्हणजे यातलं एक बेकायदेशीर."

"कुठलं?"

"ते ठरवायला वेगळा अर्ज आहे." त्याच्या चेहऱ्यावर सहावीतला तो अख्खा महिना स्पष्ट दिसत होता. "आधी एकच छप्पर म्हणालात, आता मधेच फाडून ठेवलंत. कशासाठी?"

"सासूबाईंसाठी," मास्तर म्हणाले.

मुकोयानी उभा राहिला. फाईल मिटली. "आत आहेत?"

"त्या तिकडच्या घरात. आपण इकडच्या."

"मग हे आधी नाही का सांगायचं मास्तर!" त्याने स्वतः टेप काढून फट मोजली, वहीत आकडा उतरवून घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साडेतीन पुरतं ना? आमच्या सासूबाई पण यायचं म्हणतायत." मग त्याने शिक्का मारला आणि त्याखाली आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं: 'घर एकच. मधे पाऊस.'

मास्तरांनी त्या अक्षराबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मास्तरांनाही वाटलं होतं. पण हाल सुरू झाले ते नालियाकाचे. दोघांनाही एकमेकांशी बोलायचं असायचं, आणि मधे तीच.

"नालियाका, जावयांना विचार, मक्याला पाणी दिलं का."

"नाफुनाची आई, त्यांना सांग, दिलं."

"नालियाका, विचार, कधी दिलं."

"मी काय टेलिफोन आहे?" नालियाका एक दिवस फटीत उभी राहून ओरडली. "माझी आई हवी, माझा नवरा हवा, हे मीच म्हटलं होतं. कबूल! पण दोघं मिळून माझा जीव घ्याल असं नव्हतं वाटलं!" आणि ती छत्री उघडून चर्चच्या बायकांच्या सभेला निघून गेली.

पाऊस लागला. बरा लागला. मास्तर आपल्या दारात खुर्ची टाकून बसले. पलीकडे आपल्या दारात सासूबाई बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, शाल डोक्यावरून. मधे साडेतीन फुटांत पाऊस जमिनीवर पडत होता. आणि त्या पावसात एक तांबडी कोंबडी उभी होती. इकडे जावं की तिकडे जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

चहाची किटली सासूबाईंच्या बाजूला होती. तिची वाफ मास्तरांना दिसत होती. त्यांनी बराच वेळ धीर धरला. मग ते कोंबडीकडे बघून म्हणाले, "काय गं कोंबडे, चहा उरलाय का कुणाकडे?"

पलीकडे शाल हलली. "कोंबडे," सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "त्यांना सांग, आहे. पण निवत चाललाय."

किटली काठीच्या टोकाने फटीपर्यंत सरकत आली. मास्तरांनी पाठमोरं होऊन ती उचलली.

"कोंबडे, सांग त्यांना, चहा फक्कड झालाय."

"कोंबडे, विचार त्यांना, मक्यावर कीड आहे म्हणतात, खरं का?"

मग मक्याची कीड निघाली. किडीवरून शेजारी निघाले. खाएंबांच्या घरचा मुक्काम निघाला, आणि ते झोपेतही "मी काही बोलत नाही" असं म्हणतात, हे कोंबडीला कळल्यावर मास्तर इतके हसले की चहा सांडला. पलीकडे शाल गदागदा हलत होती. मग एकाएकी थांबली.

"कोंबडे," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना एक सांग. त्या दिवशी मी केळीत पडले होते ना, तेव्हा मनात म्हटलं, आता मुलीच्या घरी जायचं राहिलं. जावयाचं घर, तिथे आपल्याला जागा कशी असेल. सांग त्यांना. म्हणावं, माझ्यासाठी माणसाने स्वतःचं छप्पर कापलं. हे मी वर जाऊन सुद्धा सगळ्यांना सांगीन."

मास्तरांनी कोंबडीकडे बघितलं. त्यांना दिसत काही नव्हतं. "कोंबडे," ते कसेबसे म्हणाले, "त्यांना म्हणावं, वर जायची घाई नाही."

नालियाका छत्री मिटत फाटकातून आली, तेव्हा हे असं चाललं होतं. दोन दारांत दोन म्हातारी माणसं, एकमेकांकडे पाठ केलेली, आणि दोघंही एका भिजलेल्या कोंबडीशी तावातावाने बोलत असलेली. ती जागच्या जागी थबकली. बराच वेळ ती ऐकत उभी राहिली. मग पुढे झाली, वाकली आणि कोंबडीला पंखांखाली धरून उचललं.

"बरं झालं इथेच सापडली," ती म्हणाली. "पाद्रीबुवा जेवायला येतायत. मी सुरी घेऊन येते."

"नको!"

हे कोण ओरडलं, यावर पुढे बरीच चर्चा झाली. मास्तर म्हणतात, मी. सासूबाई म्हणतात, मी. पण नालियाका शपथेवर सांगते, की ते दोघंही ओरडले, एकाच वेळी, आणि ओरडताना दोघंही वळून समोरासमोर बघत होते.

पाद्रीबुवांना त्या दिवशी राजमा वाढला.